वीस डॉलरांची सुवर्णमुद्रा

सोन्याचे नाणे ही आमच्या वाचकांना अपरिचित वस्तू नव्हे. गोव्यात म्हणा, बेळगावकडे म्हणा, किंवा पिढ्यान्‌पिढ्या इंदूर-बडोद्यास स्थायिक झालेल्या घराण्यांत म्हणा, आजीच्या पेटीच्या तळाशी पुतळ्यांची माळ असते, एखादी गिनी असते, आणि लग्नकार्याच्या किंवा दुखण्याखुपण्याच्या वेळी ती बाहेर निघते. सराफ ती काट्यावर टाकतो, कसोटीवर घासतो आणि तोळ्या-माशांत तिचे मोल सांगतो. त्या नाण्यावर कोणाचे चित्र आहे, ते कोठे पाडले गेले, कोणत्या साली पाडले गेले, हे विचारण्याची गरज त्यालाही वाटत नाही आणि आपल्यालाही वाटत नाही.

परंतु जगात असाही एक वर्ग आहे की, ज्याच्या दृष्टीने नाण्याचे वजन ही सर्वांत गौण गोष्ट होय. ८ जून २०२१ रोजी न्यूयॉर्क शहरात एका सोन्याच्या नाण्याचा लिलाव झाला. त्याचे वजन तीन तोळ्यांहून थोडे कमीच. त्यातील सोन्याची त्या दिवशीची किंमत दोन हजार डॉलरही भरली नसती. त्यावर छापलेले मूल्य होते अवघे वीस डॉलर. आणि ते नाणे विकले गेले सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरांना! सोन्याच्या भावाच्या दहा हजार पट किंमत मनुष्य एका चकतीला का देतो, आणि तसे नाणे हाती आले म्हणजे त्याच्याबरोबर काय काय हाती येते, हे समजून घेण्यास या एका नाण्याची हकीकत पुरेशी आहे. ती आम्ही येथे क्रमाने सांगू इच्छितो.

मूर्तिकाराचे नाणे

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात १८४८ साली सोने सापडले आणि ते इतक्या विपुलतेने निघू लागले की, त्या सरकारला मोठ्या किमतीचे नाणे पाडणे सोयीचे वाटू लागले. तत्पूर्वी त्यांचे सर्वांत मोठे सुवर्णनाणे दहा डॉलरांचे होते आणि त्यावर गरुड असल्यामुळे त्याला ‘ईगल’ म्हणत. आता वीस डॉलरांचे निघाले, त्याचे नाव साहजिकच ‘डबल ईगल’ पडले. त्याचे वजन ३३.४३६ ग्रॅम; त्यात नऊ भाग सोने आणि एक भाग तांबे. तांबे एवढ्याचसाठी की, निव्वळ सोने मऊ असते आणि हातोहाती झिजून जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर रूझवेल्ट हे अमेरिकेचे अध्यक्ष होते. आपल्या देशाची नाणी कुरूप आहेत, प्राचीन ग्रीकांच्या नाण्यांतील सौंदर्याचा त्यांत लवलेशही नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी त्या काळचे थोर मूर्तिकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांना नव्या नाण्याचे काम सांगितले. सेंट-गॉडन्स यांचा जन्म १८४८ साली डब्लिन येथे झाला. वडील फ्रेंच चांभार, आई आयरिश. तान्हे मूल असताना आईबापांनी त्यांना अमेरिकेत नेले आणि तेथेच ते नावारूपास आले. अध्यक्षांचे बोलावणे आले तेव्हा त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. तशा स्थितीतही त्यांनी जे चित्र निर्माण केले ते आजही जगातील सुंदर नाण्यांत गणले जाते. एका बाजूस स्वातंत्र्यदेवता उजव्या हाती मशाल आणि डाव्या हाती ऑलिव्हची फांदी घेऊन समोर चालत येत आहे, मागे सूर्याचे किरण फाकले आहेत; दुसऱ्या बाजूस उगवत्या सूर्यावरून गरुड उडत चालला आहे.

तथापि कलावंताला जे सुंदर वाटते ते कारखान्याला सोयीचे असतेच असे नाही. चित्राला इतका उठाव होता की, पहिल्या नमुन्यांचा ठसा पुरता उमटण्यासाठी एकाच नाण्यावर यंत्राचे अनेक घाव घालावे लागत. लाखो नाणी पाडावयाची असताना हे कसे परवडावे? टांकसाळीचे मुख्य कोरीवकार चार्ल्स बार्बर यांनी हरकत घेतली, आणि अखेर उठाव कमी करून नाणे रूढ करण्यात आले. उठावदार नाणी १९०७ साली सुमारे बारा हजार निघाली, तेवढीच. सेंट-गॉडन्स मात्र त्याच वर्षी ३ ऑगस्टला निवर्तले. आपले नाणे लोकांच्या हाती खेळताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या नाण्याबाबत आणखी एक वाद झाला आणि तो आमच्या वाचकांना मननीय वाटेल. ‘आमचा देवावर भरवसा आहे’ अशा अर्थाचे वचन अमेरिकेच्या नाण्यांवर असे. रूझवेल्ट यांनी नव्या नाण्यावरून ते मुद्दाम वगळले. ते नास्तिक होते म्हणून नव्हे. उलट देवाचे नाव पैशावर घालणे, जुगाराच्या मेजावर आणि दारूच्या गुत्त्यात ते फिरू देणे, ही त्या नावाची विटंबना आहे असे त्यांचे मत होते. भाविक लोकांना मात्र हे वगळणेच अधर्म्य वाटले. गहजब झाला आणि १९०८ साली तेथील काँग्रेसने कायदा करून ते वचन परत घालावयास लावले. उभय पक्षी माणसे श्रद्धावानच होती. कोणाचे म्हणणे अधिक बरोबर होते, हे पुढील हकीकत वाचून ज्याचे त्याने ठरवावे.

प्रतीची परीक्षा

नाणी जमविणाराला दोन गोष्टी हव्या असतात. एक दुर्मिळपणा आणि दुसरी प्रत. दुर्मिळपणा म्हणजे त्या सालची, त्या टांकसाळीची नाणी मुळात किती निघाली हे नव्हे. किती उरली हे होय. पुष्कळ नाणी लाखांनी पाडली गेली आणि लाखांनीच वितळून गेली. उलट, काही सालांची नाणी फार दुर्मिळ समजली जात असता युरोपातील बँकांच्या तळघरांतून त्यांच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर निघाल्या आणि ज्यांनी भारी किंमत देऊन एकेक घेतले होते त्यांना हात चोळीत बसावे लागले.

प्रत म्हणजे नाण्याची अवस्था. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी गुणांची पद्धत सुचविली. झिजून सपाट झालेल्या, कसेबसे ओळखू येणाऱ्या नाण्यास एक, आणि सर्वथा निर्दोष नाण्यास सत्तर. पुढे ही पद्धत सोन्याचांदीच्या नाण्यांनाही लागू झाली. साठ आणि त्यावरील गुण जे नाणे व्यवहारात कधी फिरलेच नाही त्याला मिळतात. मग प्रश्न पडेल की, न फिरलेल्या नाण्यांतही साठ आणि सत्तर असा भेद कसा? त्याचे उत्तर असे की, टांकसाळीतून नाणी पिशव्या भरभरून निघतात, एकमेकांवर आपटतात, आणि सोने मऊ असल्यामुळे प्रत्येक आपटण्याचा व्रण राहून जातो. डबल ईगलसारख्या जड नाण्याला तर अधिकच. म्हणून मोठे सोन्याचे नाणे व्रणरहित मिळणे ही अपूर्वाई. पासष्ट आणि सहासष्ट यांतील फरक आपल्या डोळ्यांना दिसणारही नाही. पण किमतीत तो दुपटी-तिपटीचा होऊ शकतो. याचसाठी १९८६-८७ पासून अमेरिकेत नाणी तपासून, गुण देऊन, पारदर्शक डबीत मोहोरबंद करून देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत.

उत्तम प्रतीची नाणी कोठून येतात याचे एक उदाहरण देतो. १८५७ च्या सप्टेंबरात ‘सेंट्रल अमेरिका’ नावाची आगबोट कॅलिफोर्नियाचे सोने न्यूयॉर्ककडे नेत असता वादळात सापडून बुडाली. चारशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९८८ साली, समुद्राच्या पृष्ठापासून सात हजार फुटांहून अधिक खोलीवर तिचा सांगाडा सापडला आणि त्यातून त्याच सालची, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतील पाच हजारांहून अधिक डबल ईगल नाणी वर काढण्यात आली. सोन्याला गंज चढत नाही. त्यामुळे त्यांतील पुष्कळ नाणी जणू काल पाडल्यासारखी लखलखीत निघाली आणि संग्राहकांच्या त्यांवर उड्या पडल्या. ती नाणी इतकी कोरी का राहिली, तर ती बाळगणारे प्रवासी किनाऱ्याला लागलेच नाहीत म्हणून. हा विचार लिलावाच्या यादीत सहसा वाचावयास मिळत नाही.

एक हुकूम आणि एक भट्टी

आता आपल्या मूळ नाण्याकडे वळू. १९२९ च्या मंदीने अमेरिका खचली होती. बँका बुडत होत्या. घाबरलेले लोक कागदी चलन देऊन सोने काढून घेत होते आणि घरी दडवून ठेवीत होते. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. दोनच दिवसांत त्यांनी बँका बंद ठेवण्याचा आणि बँकांतून सोने बाहेर न देण्याचा हुकूम काढला. ५ एप्रिलला त्याहून कडक हुकूम निघाला: ज्याच्या त्याच्याजवळ असलेले सोन्याचे नाणे, लगड आणि सुवर्णपत्रे १ मेपूर्वी जमा करावी. माणशी शंभर डॉलरांचे सोने ठेवण्याची मुभा होती, तसेच संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेली दुर्मिळ नाणी वगळण्यात आली होती. हुकूम मोडणारास दहा हजार डॉलरांपर्यंत दंड, दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लोकांनी सोने दिले, आणि औंसास २०.६७ डॉलर या दराने कागदी पैसे घेतले. १९३४ च्या जानेवारीअखेर सरकारने सोन्याचा भाव औंसास पस्तीस डॉलर केला. ज्यांनी कायदा पाळला त्यांच्या हाती तेच कागद राहिले आणि वाढ सरकारच्या पदरी पडली. हा सल पुढे कित्येक वर्षे तेथील लोकांच्या मनात राहिला. सोने बाळगण्याची सर्वसाधारण मोकळीक अमेरिकन नागरिकास पुन्हा मिळाली ती १९७४ च्या ३१ डिसेंबरला.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना यावरून १९६३ साल आठवेल. चीनशी युद्ध झाल्यावर त्या वर्षीच्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले. चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि सोनारांच्या हजारो घरांतील शेगडी विझली. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि १९९० साली तो रद्द झाला. सरकारचा हात प्रजेच्या सोन्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो कोणाला किती लागतो, हे आपल्या लोकांनी ऐकून नव्हे, अनुभवून जाणले आहे.

गंमत अशी की, इकडे हुकूम निघत असताना तिकडे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचे काम चालूच होते. १९३३ या सालची ४,४५,५०० डबल ईगल नाणी तेथे तयार झाली. परंतु सोन्याचे नाणे आता चलनात द्यावयाचेच नव्हते. दोन नाणी स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयास ठेवण्यासाठी देण्यात आली आणि बाकीची १९३७ पर्यंत भट्टीत घालून त्यांच्या लगडी करण्यात आल्या. निदान सरकारी कागदांत तरी तसे नमूद झाले.

फरूक राजाचा परवाना

१९४४ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावाच्या यादीत १९३३ चा डबल ईगल झळकला. एका वृत्तपत्रवाल्याने टांकसाळीकडे सहज चौकशी केली की, या सालची नाणी किती बाहेर गेली? उत्तर आले की, एकही नाही. मग लिलावात आले ते कोठून? सरकारच्या गुप्त पोलिसांनी तपास सुरू केला. माग काढता काढता तो फिलाडेल्फियातील एका सराफाच्या दुकानाशी येऊन थांबला. नाणी त्याच्याकडून निघाली होती. टांकसाळीतून ती त्याच्याकडे कशी आली, याविषयी टांकसाळीच्या रोखपालाचा संशय घेण्यात आला. परंतु इतकी वर्षे लोटल्यामुळे मुदतीचा कायदा आड आला आणि या प्रकरणी कोणावरही खटला होऊ शकला नाही. संग्राहकांकडून मात्र नाणी परत मागण्यात आली. एकाने न्यायालयात झगडून पाहिले आणि तो हरला. १९५२ पर्यंत नऊ नाणी सरकारजमा झाली आणि ती वितळवण्यात आली. ज्यांनी ती उघड बाजारात, पुरते पैसे मोजून घेतली होती त्यांच्या हाती काही उरले नाही. चोरीचा माल सद्‌हेतूने घेतला म्हणून तो आपला होत नाही, हा कायदा जुनाच आहे. पण तो त्यांना फार महागात शिकावा लागला.

एक नाणे मात्र निसटले होते. इजिप्तचे राजे फरूक यांना नाण्यांचे विलक्षण वेड होते. साडेआठ हजार सोन्याची नाणी आणि पदके त्यांच्या संग्रही होती असे सांगतात. १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांच्यासाठी हे नाणे खरेदी झाले आणि त्यांच्या वकिलातीने ते देशाबाहेर नेण्याचा परवाना मागितला. अधिकाऱ्यांनी तो रीतसर दिलाही! तपास सुरू झाला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. महायुद्ध ऐन भरात होते. इजिप्तच्या राजाला एका नाण्यासाठी दुखवावे, ही ती वेळ नव्हती. नाणे कैरोत राहिले.

१९५२ च्या जुलैत फरूक पदच्युत झाले आणि देश सोडून गेले. नव्या सरकारने १९५४ साली राजवाड्यातील संग्रह लिलावास काढला. यादीत ते नाणे दिसताच अमेरिकेने ते परत मागितले. इजिप्तने ते लिलावातून काढून घेतले. आणि पुढे चाळीस वर्षे ते कोणाच्याही दृष्टीस पडले नाही.

१९९६ च्या फेब्रुवारीत लंडनचा एक नाण्यांचा व्यापारी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात एक १९३३ चा डबल ईगल विकण्यास आला. गिऱ्हाईक म्हणून आलेली माणसे पोलिसांची निघाली. नाणे जप्त झाले. व्यापाऱ्याचे म्हणणे असे की, हे फरूक राजाचे नाणे आहे आणि त्यास तुमच्याच सरकारचा परवाना आहे. पाच वर्षे दावा चालला. या काळात नाणे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील सरकारी तिजोरीत होते. २००१ च्या जानेवारीत तडजोड झाली, जुलैत नाणे फोर्ट नॉक्सला हलविण्यात आले, आणि दोनच महिन्यांनी, ११ सप्टेंबरला, त्या इमारती जमीनदोस्त झाल्या.

तडजोड अशी होती की, नाणे विकावे आणि येणारा पैसा सरकारने आणि व्यापाऱ्याने निम्मानिम वाटून घ्यावा. ३० जुलै २००२ रोजी ते ७५,९०,०२० डॉलरांना विकले गेले. या रकमेतील शेवटचे वीस डॉलर ध्यानात घेण्याजोगे आहेत. हे नाणे चलनात कधी दिलेच गेले नव्हते. तेव्हा ते आज देत आहोत असे समजून, त्यावरील छापील मूल्याचे वीस डॉलर सरकारी खजिन्यात वेगळे भरण्यात आले. पाडल्यापासून एकोणसत्तर वर्षांनी ते नाणे ‘पैसा’ झाले! खरेदीदार कोण हे तेव्हा गुप्त होते. पुढे कळले की, ते पादत्राणांचे नामांकित आरेखक स्टुअर्ट वाइट्‌समन. त्यांनीच ते २०२१ साली विकले, तोच आरंभी सांगितलेला लिलाव.

पेटीतील दहा नाणी

कहाणी येथे संपती तर ती नुसती चमत्कारिक म्हणून सोडून देता आली असती. पण २००३ साली त्या फिलाडेल्फियाच्या सराफाच्या वारसांना बँकेतील कुटुंबाच्या जुन्या पेटीत आणखी दहा नाणी सापडली. सर्व १९३३ ची. त्यांनी ती खरेखोटेपणा तपासण्यासाठी टांकसाळीकडे पाठविली. टांकसाळीने सांगितले, नाणी अस्सल आहेत. आणि ती आमची आहेत, म्हणून परत मिळणार नाहीत.

वारस न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, १९३३ च्या वसंतात टांकसाळीच्या खिडकीवर सोने देऊन सोन्याची नाणी घेण्याची रीत होती. त्या गडबडीच्या आठवड्यांत ही नाणी रीतसर बदलून घेतली गेली नाहीत हे कशावरून? सरकारचे म्हणणे असे की, आमच्या वहीत प्रत्येक नाण्याचा हिशेब आहे आणि त्यात या नाण्यांना वाट नाही. म्हणजे ती चोरून गेली. २०११ साली ज्यूरीने सरकारच्या बाजूने कौल दिला. २०१५ साली वरच्या न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने, सरकारने जप्तीची कार्यवाही मुदतीत केली नाही म्हणून, नाणी वारसांना द्यावी असे ठरविले. २०१६ साली त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निर्णय फिरविला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात लक्ष घालण्याचे नाकारले आणि दहाही नाणी कायमची सरकारची झाली.

या निकालाविषयी आमचे मत विचारले तर आम्ही म्हणू की, न्यायालयाच्या निर्णयात खोट काढण्यास जागा नाही. पण मनाला एक गोष्ट लागून राहते. एकाच टांकसाळीतून, बहुधा एकाच वाटेने गेलेली ही नाणी. त्यांतील एकास, राजाच्या नावाचा एक चुकून दिलेला कागद होता म्हणून, कोट्यवधी डॉलर आले. नऊ भट्टीत गेली. दहा तिजोरीत पडली. सोन्यात काही भेद नव्हता, ठशात नव्हता, प्रतीत नव्हता. भेद कागदात होता. शुभवर्तमानातील कैसराच्या नाण्याचा प्रसंग आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथे प्रश्न नाण्यावरील मुद्रेचा होता आणि मुद्रेवरून धन्याचा उलगडा झाला. येथे मुद्रा स्पष्ट असूनही धनी कोण हे ठरविण्यास सत्तरांहून अधिक वर्षे लागली.

आणि याच कहाणीत एक लहानसा उपप्रसंगही आहे. २०१८ साली टांकसाळीने प्रकट केले की, त्यांच्याजवळ आणखी एक १९३३ चा डबल ईगल आहे; तो एका नागरिकाने, आपले नाव प्रसिद्ध न करता, स्वखुशीने आणून दिला. त्या माणसाविषयी लोकांना काहीच माहिती नाही. ज्यांनी लाखो डॉलर दिले त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. ज्याने ते नाणे सोडले त्याचे नावही नाही. त्या रात्री त्याला झोप मात्र शांत लागली असावी, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आपल्या पेटीतील नाणे

आता कोणी म्हणेल की, या अमेरिकन श्रीमंतीचा आपल्या खेड्यातील संसाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो व्यवहाराचा आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यातील पुतळी म्हणजे मूळची व्हेनिस शहराची सुवर्णमुद्रा. डकॅट नावाचे हे नाणे तेथे १२८४ साली प्रथम निघाले. साडेतीन ग्रॅम वजन, जवळजवळ निर्भेळ सोने, आणि पाच शतकांत, म्हणजे १७९७ साली ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत, वजनात वा कसात म्हणण्यासारखा फरक नाही. त्यामुळे पूर्वेकडील व्यापारात त्याची पत मोठी होती. मिरी-मसाल्याच्या बदल्यात ते आपल्या किनाऱ्यावर उतरले. त्यावर संत मार्क उभे आहेत आणि व्हेनिसचा मुख्याधिकारी त्यांच्यासमोर गुडघे टेकून ध्वज घेत आहे. पाठीमागील बाजूस ताऱ्यांनी वेढलेला प्रभू ख्रिस्त आहे. आपल्या बायकांना त्या आकृती बाहुल्यांसारख्या दिसल्या आणि नाव पडले पुतळी. पुढे आपल्या सोनारांनी तिच्या नकला केल्या, त्या इतक्या की, आज बहुतेक पुतळ्या नकलाच असतात. परंतु एखाद्या जुन्या माळेत अस्सल डकॅट असणे असंभाव्य नाही.

गिनीचेही तसेच. इंग्रजी सॉव्हरिनवर संत जॉर्ज अजगराला मारीत आहेत, ते चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कलावंताने केलेले. १९१८ साली ही नाणी मुंबईतही पाडली गेली, सुमारे तेरा लाख. त्यांवर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असते. आणि गोव्याच्या टांकसाळीत सोळाव्या शतकात ‘सांतोमे’ नावाचे सोन्याचे नाणे निघत असे. त्यावर संत थॉमस यांची आकृती असे. ज्या प्रेषिताने या भूमीवर पाऊल ठेवले अशी आपल्या लोकांची परंपरा आहे, त्यांचीच.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, घरात जुने सोन्याचे नाणे असेल तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्या.

ते चिंच लावून किंवा राखेने घासून उजळू नये. घासलेल्या नाण्याची झळाळी वाढते आणि संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल उतरते, कारण वरचा पापुद्रा गेला तो गेलाच. नाण्याला कडी जोडून ते माळेत ओवले असेल तर ती उपटून काढण्याच्या फंदातही पडू नये. आणखी इजा होईल. हाताळताना कडेने धरावे, मऊ कागदात वेगळे ठेवावे, इतर दागिन्यांच्या ढिगात टाकू नये.

विकण्याची पाळी आलीच तर एकाच सराफाच्या काट्यावर विश्वासू नये. नाण्यांच्या जाणकारास आधी दाखवावे. आणि उलट बाजूही सांगतो: जुने नाणे दाखवून ‘हे लाखो रुपयांचे आहे, तुम्हांला स्वस्तात देतो’ असे म्हणणारा दारी आला, तर त्यास उभेही करू नये. डकॅटच्या नकला पाच शतके चालल्या, तशा आजही चालतात.

नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर ती दडवू नयेत. आपल्या देशात १८७८ पासून निखात धनाचा कायदा आहे. सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्ह्याच्या कलेक्टरास द्यावी लागते. तपशील राज्यागणिक वेगळे असले तरी सामान्यतः कायदा शोधणाराच्या हक्काचीही दखल घेतो. दडविणाराच्या पदरी मात्र शिक्षा येते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते आणि ते खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. नाणे कोणाकडून आले, केव्हा आले, कोणाच्या लग्नात दिले गेले, हे एका कागदावर लिहून नाण्याबरोबर ठेवावे. त्या दहा नाण्यांच्या पेटीत असा एखादा खरा कागद असता तर कुटुंबाचे एक तप न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यात गेले नसते; मग तो कागद त्यांच्या बाजूने असता किंवा विरुद्ध. आजीला विचारण्यासारखे अजून असेल, तर येत्या रविवारी दुपारी तिच्याजवळ बसून ते विचारून घ्यावे.